हेड खोलण्याआधी: तापणारी, ठकठकणारी जुनी एसयूव्ही कशी तपासावी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. डिझेलची एसयूव्ही, वय १५ वर्षं, २,४०,००० किलोमीटर झालेले. तक्रारी चार. गर्दीत रखडत चालताना एसी लावला की तापमानाचा काटा वर चढतो, मोकळ्या रस्त्याला लागलं की आपोआप खाली येतो. गिअर टाकून क्लच सोडताना गाडीच्या पोटातून ‘ठक्’ असा आवाज येतो. ७५-८० च्या पुढे सीट आणि फरशी थरथरते. आणि हल्ली सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो. आतापर्यंत थर्मोस्टॅट (पाणी गरम झाल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप) बदलून झाला, वॉटर पंप बदलून झाला, चाकांचं बॅलन्सिंग दोनदा झालं, फरक काहीच नाही. आता मेकॅनिक म्हणतोय गॅस्केट गेलंय, हेड खोलू; म्हणजे इंजिनाचा वरचा भाग उतरवून त्याच्याखालचं पॅकिंग बदलायचं. तुम्ही विचारताय, खोलू द्यावं की गाडीच विकून मोकळं व्हावं.

हेडला अजून हात लावू देऊ नका. तुमच्याच एका वाक्यात निम्मं उत्तर आहे: मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो.

जुनी गाडी माझ्याकडे येते तेव्हा मालकाच्या हातात बहुतेक वेळा बिलांची चळत असते. काय काय बदललं ते सगळं पाठ असतं, पण ‘नेमकं केव्हा होतं?’ विचारलं की मालक गप्प. इंजिन थंड असताना की गरम झाल्यावर? चढावर की सपाटीला? अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर की सोडल्यावर? एसी चालू असताना की बंद? बिघाडाचं नाव गाडी सांगत नाही, वेळ मात्र न चुकता सांगते. म्हणून मी मालकाला आठ दिवस डॅशबोर्डवर एक कागद ठेवायला लावतो. दर वेळी एकच ओळ लिहायची: वेग, रस्ता, इंजिन गरम की थंड, आणि काय झालं. तो कागद हातात आला की माझं अर्धं काम होतं. तुम्ही नकळत तेवढं लिहूनच दिलंय.

आता आधीच सांगून ठेवतो, गाडी समोर नसताना मी जे सांगतोय ते काही गोष्टींवर अवलंबून आहे. तुमच्या गाडीचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो की विजेवर, डिझेल पंप जुन्या पद्धतीचा आहे की कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारा), मागचा शाफ्ट एका तुकड्याचा की मधे बेअरिंग असलेला दोन तुकड्यांचा, हे मला माहीत नाही. शिडीसारखी चासी, मागच्या चाकांना जाणारा लांब शाफ्ट आणि गरजेपुरतं फोर-व्हील असं धरून चालतो.

तापण्यापासून सुरुवात करू, कारण इंजिनाचं कायमचं नुकसान तिथेच होतं. रेडिएटरमधून हवा दोन मार्गांनी जाते: गाडी पळत असताना समोरून आपोआप, आणि गाडी रखडत असताना फक्त पंख्यामुळे. हळू चालताना तापते आणि वेग घेतला की निवते, याचा अर्थ पाणी नीट फिरतंय, हवा कमी पडतेय. याच्या उलट, गर्दीत ठीक पण लांब पल्ल्याला वेगात किंवा मोठ्या चढावर तापत असती तर मी रेडिएटरच्या आतल्या नळ्या बुजल्यात का, खालचा होज पाणी ओढताना चिकटतोय का, हे बघितलं असतं. गॅस्केट गेलेलं असतं तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतो, आणि इंजिनवर जितका जोर पडेल तितका जास्त शिरतो. म्हणजे चढावर आणि वेगात त्रास वाढायला हवा. तुमच्याकडे उलट चाललंय. तरीही अनेकदा तापलेल्या इंजिनाचं गॅस्केट मागाहून जाऊ शकतं, म्हणून ते तपासायचंच. न खोलता तपासता येतं, ते पुढे सांगतो.

आधी पंखा. पट्ट्यावर फिरणाऱ्या पंख्याच्या मधोमध एक चकतीसारखा क्लच असतो, आत घट्टसर सिलिकॉन तेल. पुढच्या बाजूला छोटी गुंडाळलेली पट्टी असते. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की ती उलगडते, आतली झडप उघडते, तेल कामाला लागतं आणि पंखा इंजिनाबरोबर जोरात फिरू लागतो. पंधरा वर्षांत हे तेल झिरपून जातं. पंखा फिरताना दिसतो, म्हणून कोणी संशय घेत नाही, पण तो नुसताच फिरत असतो, हवा ओढत नाही. तपासायचं असं: गाडी चांगली गरम करा, इंजिन बंद करा, किल्ली खिशात टाका, आणि पंख्याच्या पात्याला हाताने एक झटका द्या. गरम असताना हाताला चांगला अडकाव जाणवला पाहिजे. झटका दिल्यावर पंखा मोकाट तीन-चार फेऱ्या फिरत राहिला तर क्लच गेला. क्लचच्या बुडापासून बाहेरच्या दिशेने तेलकट, धूळ चिकटलेल्या रेघा दिसल्या तर झटका द्यायचीही गरज नाही. विजेचा पंखा असेल तर मात्र हात घालू नका. इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होऊ शकतो. तिथे बघायचं ते एवढंच की एसी लावताच पंखा सुरू होतो का, आणि दोन वेग असतील तर दोन्ही मिळतात का.

दुसरी गोष्ट, जी मला सर्वांत जास्त वेळा सापडते. पुढच्या जाळीतून डोकावलं की एसीचा कंडेन्सर दिसतो, स्वच्छ असतो, लोक समाधानाने मागे फिरतात. रेडिएटर त्याच्या मागे असतो, आणि बऱ्याच टर्बो डिझेलमध्ये इंटरकूलरही (टर्बोची हवा गार करणारा) त्याच रांगेत. माती, कीटक, गवताची कुसळं कंडेन्सरमधून आत जातात आणि रेडिएटरच्या तोंडावर अडकतात. वरच्या दोन ब्रॅकेटचे बोल्ट काढून रेडिएटर दोन बोटं मागे सरकवला की मधल्या फटीत टॉर्च मारता येते. मी तिथून अक्षरशः नमद्यासारखा थर सोलून काढलाय, हातभर लांब, अखंड. धुताना पाणी इंजिनच्या बाजूने पुढे मारायचं, आणि साध्या नळीने. प्रेशर गनने पत्र्याच्या नाजूक पाकळ्या आडव्या होतात आणि हवा कायमची अडते. त्याच वेळी पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं जागेवर आहे का बघा. कधीतरी कामाच्या वेळी काढलेलं ते परत बसवलेलंच नसतं, आणि मग पंखा रेडिएटरमधून ओढण्याऐवजी तीच ती गरम हवा घुसळत बसतो.

रेडिएटरच्या झाकणाकडे कोणी बघत नाही. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा, बारमध्ये. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. त्यावर एक बारचा जादा दाब ठेवला की उकळायला सुमारे १२० अंश लागतात. झाकणाचं रबर कडक झालं की हा दाब टिकत नाही, इंजिन तेवढंच गरम असूनही पाणी उकळून बाहेर येतं. झाकण गरम इंजिनावर कधीही उघडू नका. चटका बसलेला माणूस पुन्हा ती चूक करत नाही, पण तो एकदाचा चटकाही चेहऱ्यावर बसतो.

आणि थर्मोस्टॅट ‘बदलला’ म्हणताय, तर तो आत आहे ना, याची खात्री करा. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा, ही काही जुन्या हातांची सवय आहे. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटची मागची चकती आडवाट बंद करत असते. तो काढला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात जातं, आणि गाडी जास्तच तापते. जुना हातात असेल तर भांड्यात पाणी घेऊन, दोऱ्याने लटकवून, थर्मामीटर लावून गरम करा. ८२ छापलेला थर्मोस्टॅट साधारण तिथेच उघडायला लागतो आणि ९५ च्या आसपास पूर्ण उघडतो. उघडला, तर विनाकारण बदलला गेला होता.

आता गॅस्केटच्या न खोलता करायच्या चाचण्या. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढा, पाणी काठोकाठ भरा, इंजिन चालू करून बघत राहा. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे हवेचे असतात. ते थांबायला हवेत. इंजिन गरम व्हायच्या आधीच बुडबुडे एकसारखे येत राहिले, रेस केल्यावर वाढले, किंवा झाकण लावून मिनिटा-दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर गॅस्केटचा संशय खरा. थंड पाण्याला एवढ्यात दाब येईल कुठून? त्याशिवाय रेडिएटरवर हातपंप लावून झाकणावरच्या आकड्याइतका दाब द्यायचा आणि काटा उतरतो का बघायचं. आणखी एक निळं रसायन मिळतं. रेडिएटरवरची हवा त्यातून ओढली की ज्वलनाच्या वायूने त्याचा रंग बदलतो. या तिन्ही गोष्टी मिळून तासाभराच्या आहेत. मेकॅनिकला विचारा, यातलं काय केलं. काहीच केलं नसेल तर ‘गॅस्केट गेलंय’ हा अंदाज आहे, निदान नव्हे.

हे इतकं ठासून सांगतोय कारण मी स्वतः ही चूक केलेली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका अशाच गाडीचं हेड मी उतरवलं, सपाट करायला पाठवलं, नवं गॅस्केट घातलं, चार दिवस घालवले. गाडी मालकाने नेली आणि पुढच्याच आठवड्यात गर्दीतून टोचन लावून परत आणली. पंख्याचा क्लच. पंखा हाताने फिरवून बघायला मला अर्धं मिनिट लागलं नसतं. मालकाने एक शब्द काढला नाही, तेच जास्त लागलं. तेव्हापासून तापणाऱ्या गाडीचं बॉनेट उघडलं की माझा पहिला हात पंख्यावर जातो.

‘ठक्’ आणि थरथर या तुम्ही दोन तक्रारी म्हणून लिहिल्यात. मला ती एकच वाटते. थोडा हिशोब करू. एसयूव्हीच्या टायरचा घेर साधारण २.३ मीटर धरा. ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला जवळपास दहा वेळा फिरतं. मागच्या डिफरन्शियलचं (शाफ्टची फिरकी चाकांना देणारा गिअरचा डबा) गुणोत्तर ४.१ असेल तर शाफ्ट त्याच वेळी सेकंदाला चाळीस फेऱ्या मारतो. चाकाचा दोष असेल तर सेकंदाला दहा हिसके बसतात. ते स्टेअरिंगवर किंवा सीटवर वेगवेगळे जाणवतात, जवळजवळ मोजता येतात. शाफ्टचा दोष मोजता येत नाही. तो फरशीतून, बुडाखालून, भुंग्यासारखा घुमतो. तुम्ही लिहिलंय सीट आणि फरशी थरथरते, स्टेअरिंगचं नावही घेतलेलं नाही. दोनदा बॅलन्सिंग करून फरक पडला नाही यात आश्चर्य नाही.

खात्री करायला मोकळा सरळ रस्ता बघा, मागे कोणी नसताना त्या वेगाला क्लच दाबा आणि इंजिन आयडलला येऊ द्या. थरथर तशीच राहिली तर इंजिन आणि क्लच सुटले, दोष शाफ्टपासून चाकापर्यंत कुठेतरी आहे. त्याच वेगाला अ‍ॅक्सिलरेटर दाबल्या-सोडल्यावर थरथरीचा पोत बदलत असेल तर संशय शाफ्टच्या क्रॉसवर, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या, कोनात फिरू देणाऱ्या अधिकच्या चिन्हासारख्या सांध्यावर. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असती तर डिस्क बघा म्हटलं असतं. ती कथाच वेगळी.

क्रॉस तपासायला गाडी सपाट जागी उभी करा, चारी चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, गिअर न्यूट्रलला. नुसत्या हँडब्रेकवर विसंबू नका. काही एसयूव्हींमध्ये तो थेट शाफ्टवरच पकडतो. आणि केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. खाली गेल्यावर क्रॉसच्या एका बाजूला एक हात, दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि पिळ्यासारखं उलटसुलट फिरवा. मग वर-खाली हलवा. क्रॉसमध्येच हालचाल डोळ्यांना दिसली तर तो गेला. डिफरन्शियलच्या गिअरमध्ये थोडा प्ले (ढिलेपणा) असतोच, तो क्रॉसचा समजू नका. क्रॉसच्या चार टोपणांच्या कडेला विटकरी रंगाची पूड दिसली तर आतल्या बारीक सुया कोरड्या पडून गंजल्यात. अगदी हळू, माणसाच्या चालीने गाडी जाताना खालून चिमणीसारखं चिव-चिव ऐकू आलं असेल कधी, तर तेही याचंच.

क्रॉसला निपल (ग्रीस भरायचं तोंड) असेल तर ग्रीस गन लावून जुनं ग्रीस चारही टोपणांतून बाहेर येईपर्यंत मारा. चारही. तीन टोपणांतून काळं ग्रीस आलं आणि चौथ्यातून काहीच नाही, असं झालं की तो चौथाच कोपरा आतून सुकलेला असतो. अशा क्रॉसला ग्रीसने महिनाभर गप्प करता येतं, पण बदलावाच लागतो. शाफ्टच्या सरकत्या सांध्याच्या दात्यांवरही ग्रीस हवं. तिथे कोरडं पडलं तरी निघताना असाच ‘ठक्’ येतो. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या बेअरिंगचं रबर फाटलंय का बघा. गिअरबॉक्सच्या माउंटिंगचं रबर लोखंडी पट्टीने उचलून बघा. तेही निघताना ठोकतं.

एक गोष्ट मेकॅनिकला समोर उभं राहून करायला लावा: शाफ्ट उतरवण्याआधी दोन्ही फ्लँजवर (बोल्टने जोडलेल्या चकत्यांवर) आणि सरकत्या सांध्यावर रंगाच्या रेघा मारणं. शाफ्टच्या दोन टोकांच्या बेचक्या एका रेषेत असाव्या लागतात. क्रॉस कोनात फिरताना प्रत्येक फेरीत दोनदा वेग कमी-जास्त करतो, आणि दुसरा क्रॉस तेच उलट करून सारखं करतो. दांडी दोन दाते पुढे-मागे बसली की हा हिशोब मोडतो, आणि नवे क्रॉस घालूनही गाडी पहिल्यापेक्षा जास्त थरथरते. मग दोष नव्या क्रॉसच्या माथी मारला जातो.

तुमच्या यादीत नाही, पण खाली गेलाच आहात तर पुढची चाकंही हलवून बघा. चाक वर-खाली धरून हलवल्यावर प्ले लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर हबचं बेअरिंग. तरीही राहिला तर बॉल जॉइंट, म्हणजे चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोळ्याचा सांधा. बॉल जॉइंट असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि तो आधी बदला. तो सुटला की चाक आडवं पडतं.

सकाळच्या सेल्फचं थोडक्यात. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मीटर लावा: १२.६ च्या आसपास हवं. सेल्फ मारताना ते साडेनऊच्या खाली जाऊ नये, आणि इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसावं. हे ठीक असूनही सेल्फ जडपणे फिरत असेल तर इंजिनपासून चासीला जाणारी अर्थची पट्टी काढून दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासा. पंधरा वर्षांच्या गाडीत मी हे निमित्त काढून करतोच. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर दोन वाटा. फक्त थंडीत होत असेल तर हीटर प्लग (थंड इंजिन आतून तापवणारे). ऋतू कोणताही असो, रात्रभर उभी राहिल्यावरच होत असेल तर डिझेल मागे टाकीकडे उतरतंय, म्हणजे कुठेतरी हवा घेतेय. फिल्टरवर हातपंप असेल तर सेल्फच्या आधी तो कडक होईपर्यंत दाबून बघा. त्यानंतर गाडी पहिल्या फटक्यात लागली तर फिल्टरचं पॅकिंग, परतीच्या बारीक नळ्या आणि त्यांचे क्लिप तपासा. कॉमन रेल असेल तर चालू इंजिनावर इंजेक्टरचे पाइप सैल करून बघायचा जुना प्रकार अजिबात नको. आतला दाब १,००० बारच्याही वर जाऊ शकतो, ती धार कातडीच्या आत शिरते.

राहिला विकायचा प्रश्न. पंख्याचा क्लच, क्रॉस, रबरं, नळ्या ही झिजायचीच यादी आहे, त्यावरून गाडी काढू नये. माझा निर्णय चासीवर ठरतो. गाडी उचललेलीच असेल तेव्हा जाड स्क्रूड्रायव्हर घ्या आणि चासीच्या दोन्ही लांब तुळया मागच्या स्प्रिंगच्या आणि शॉकअपच्या जोडांपाशी, चिखल साचतो त्या कोपऱ्यांत, दाबून बघा. वरच्या रंगावर जाऊ नका. हातोडीच्या मुठीने ठोकल्यावर सगळीकडे सारखा खणखणीत आवाज आला, टोक कुठे रुतलं नाही, तर ही गाडी दुरुस्त करा. टोक पत्र्यात घुसलं आणि आतून गंजाचे पापुद्रे गळाले, तर क्रॉससुद्धा बदलू नका, आहे तशी विका. घेणाऱ्याला ती जागा स्वतः दाखवा.